नाव एक, पद्धती अनेक : समस्याधारित वैद्यकीय शिक्षण आणि महाविद्यालयाची निवड

विद्यार्थी मार्गदर्शन समितीच्या वतीने संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण



आजचा विषय आमच्या समितीने शोधून काढलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. आपल्या संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले, एका रविवारी मार्गदर्शन केंद्रात आले. त्यांचा मुलगा बरीच वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. नात तिथेच वाढली आणि आता तिला डॉक्टर व्हायचे आहे. त्या देशात सर्व विद्यापीठांचे अर्ज यूकास या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत भरावे लागतात. इतर विषयांना पाच पसंत्या देता येतात, वैद्यकाला मात्र चारच. अर्जाची मुदतही लवकर, १५ ऑक्टोबरला संपते. मुलीने अर्ज केले, मुलाखती दिल्या आणि दोन महाविद्यालयांनी तिला सशर्त प्रवेश देऊ केला. त्यांपैकी एक पक्के म्हणून स्वीकारायचे आणि दुसरे राखीव ठेवायचे, असा तिथला नियम आहे.

आजोबांनी कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "दोन्हीकडे शिकवण्याची पद्धत एकच आहे, प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग. मग ज्याचे नाव मोठे ते घ्यावे, एवढेच उरते ना?"

आमच्या समितीत आम्ही तिघे आहोत. दोघे निवृत्त प्राध्यापक आणि एक शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर भगिनी. आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. याचे कारण असे की, या विषयात आमच्या हातून पूर्वी एक चूक झालेली आहे. ती आम्ही पुढे सांगणारच आहोत. आधी ही पद्धत काय आहे ते पाहू.

समस्याधारित अध्ययन ही पद्धत वैद्यकीय शिक्षणात रुजली ती कॅनडामध्ये. ओंटारिओ प्रांतातील हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली नवे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. जॉन इव्हान्स हे त्याचे पहिले अधिष्ठाता. जुनी रीत अशी होती की, पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असे विषय व्याख्यानांतून पाठ करायचे आणि नंतर रुग्णाजवळ जायचे. विद्यार्थी रुग्णाजवळ पोहोचेपर्यंत पाठ केलेले बरेचसे विसरून गेलेला असे आणि जे आठवत असे ते कोठे लावायचे हे त्याला कळत नसे. मॅकमास्टरच्या मंडळींनी क्रम उलटा केला. आधी रुग्णाची अडचण समोर ठेवायची, ती समजण्यासाठी काय काय ठाऊक असले पाहिजे ते विद्यार्थ्यांनीच ठरवायचे आणि मग पुस्तक उघडायचे. मज्जासंस्थेचे तज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी पुढे या पद्धतीचा मोठा प्रसार केला.

१९७४ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिक्टने ही पद्धत घेतली. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाने तिच्यावरच नवे महाविद्यालय उभारले. १९८५ साली हार्वर्डने तिचा अंगीकार केला आणि सर्वत्र तिची चर्चा सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९९३ साली तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने महाविद्यालयांना सांगितले की, विद्यार्थ्यांवरील माहितीचे ओझे कमी करा आणि त्यांना स्वतः शिकायला शिकवा. त्यानंतर १९९४ मध्ये मँचेस्टरने आणि १९९६ मध्ये लिव्हरपूल व ग्लासगो यांनी आपले अभ्यासक्रम या पद्धतीवर नेले.

प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो. आठ-दहा विद्यार्थी एका टेबलाभोवती बसलेले आहेत. त्यांच्यातलाच एक त्या दिवसाचा अध्यक्ष, दुसरा फळ्यावर लिहिणारा. सोबत एक शिक्षक आहेत, त्यांना ट्यूटर म्हणतात. ते शिकवत नाहीत, गाडी रुळावरून घसरणार नाही एवढे पाहतात. समोर एक कागद येतो : "२४ वर्षांची तरुणी. दुकानात उभ्याने काम करते. दोन महिन्यांपासून लवकर थकते, जिना चढताना धाप लागते, चेहरा फिकट दिसतो."

आपल्याकडचा हुशार विद्यार्थी ताबडतोब म्हणेल, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. पण येथे उत्तराला घाई नाही. मास्ट्रिक्टने यासाठी सात पायऱ्या ठरवून दिल्या आणि त्या पुढे जगभर वापरल्या गेल्या. पहिली, न कळलेले शब्द स्पष्ट करणे. दुसरी, नेमका प्रश्न काय ते ठरवणे. तिसरी, ज्याला जे सुचेल ते मांडणे. चौथी, सुचलेल्या कल्पना तपासून एकमेकींशी जोडणे. पाचवी, आपल्याला काय ठाऊक नाही त्याची यादी करणे. सहावी, प्रत्येकाने घरी किंवा ग्रंथालयात जाऊन ते शिकून येणे. सातवी, पुन्हा टेबलाभोवती बसून शिकलेले एकमेकांना सांगणे आणि पडताळणे.

त्या तरुणीच्या निमित्ताने विद्यार्थी काय शिकतात? रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू कसा वाहून नेते, लोह आतड्यात कोठे शोषले जाते, रक्त कमी झाले की हृदयाची धडधड का वाढते, मासिक पाळीत किती रक्त जाणे नेहमीचे मानावे आणि किती गेले तर चिंता करावी. याशिवाय ती काय खाते, तिला काय परवडते, कामावरून सुटी घेतली तर पगार कापला जातो का, हेही. जुन्या पद्धतीत हे सगळे चार विषयांच्या चार पुस्तकांत विखुरलेले असते. येथे ते एका माणसाभोवती गोळा होते. या पद्धतीचे बळ ते हेच.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. दोन महाविद्यालये जेव्हा "आमच्याकडे समस्याधारित अध्ययन आहे" असे म्हणतात तेव्हा दोघे एकच गोष्ट सांगत असतात का? आमच्या अभ्यासातून आलेले उत्तर असे की, नाही. खुद्द बॅरोज यांनी १९८६ साली लेख लिहून सांगितले होते की, या एकाच नावाखाली अनेक निरनिराळ्या पद्धती चालतात आणि प्रत्येकीचे फळ वेगळे असते. कोठे आठवड्याचे सारे काम त्या टेबलाभोवतीच फिरते आणि व्याख्याने मोजकीच असतात. कोठे दिवसभर व्याख्याने असतात आणि आठवड्यातून एकदा गटचर्चा. कोठे समस्या आधी येते आणि ज्ञान नंतर, तर कोठे ज्ञान आधी देऊन समस्या केवळ सरावासाठी सोडवतात. या शेवटच्या प्रकाराजवळ जाणारी आणखी एक पद्धत आहे, केस बेस्ड लर्निंग. तिच्यात तयारी करून यायचे असते आणि शिक्षक अधिक मार्ग दाखवतात. माहितीपुस्तिकेत मात्र ही सगळी एकाच रंगात छापलेली दिसतात.

दुसरी गोष्ट अशी की, महाविद्यालये पद्धती बदलतात. ज्या हार्वर्डचे नाव घेऊन ही पद्धत जगभर गेली त्या हार्वर्डने २०१५ साली आपला अभ्यासक्रम पुन्हा बदलला. आता तेथे विद्यार्थी आधी घरी तयारी करून येतात आणि वर्गात प्रकरणांवर एकत्र काम करतात. लिव्हरपूलने १९९६ मध्ये स्वीकारलेली पद्धत २०१४ पासून सोडली. म्हणून एखाद्या नातेवाइकाचा मुलगा दहा वर्षांपूर्वी तेथे शिकला होता एवढ्यावर विसंबू नये. आपण ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षीचा अभ्यासक्रम मागावा.

येथे कोणी विचारील की, ही पद्धत मुळात चांगली की वाईट? मित्रहो, यावर पुष्कळ संशोधन झालेले आहे आणि ते शांतपणे वाचले पाहिजे. १९९३ साली अमेरिकेत तोपर्यंतच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. त्यांचा सारांश असा की, या पद्धतीचे विद्यार्थी शिक्षणात अधिक रमतात, रुग्णाशी वागण्यात ते कमी पडत नाहीत, उलट थोडे पुढेच असतात, पण मूलभूत विज्ञानाच्या लेखी परीक्षेत काही ठिकाणी थोडे मागे पडतात. २००० साली आणखी एका आढाव्याने म्हटले की, ज्ञान मोठ्या प्रमाणात वाढते असा खात्रीचा पुरावा मिळत नाही. २००८ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर झाल्यानंतरच्या कामाचा आढावा आला. त्यात या पद्धतीचा चांगला परिणाम दिसला तो मुख्यतः माणसांशी व्यवहार करण्याच्या आणि विचार करण्याच्या कौशल्यांवर. २००९ साली नेदरलँड्समधील दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात असे आढळले की, अशा सक्रिय पद्धतीच्या महाविद्यालयांत अधिक विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतात आणि वेळही कमी लागतो.

यावरून आम्ही एवढेच समजलो की, ही पद्धत जादू नाही आणि फसवणूकही नाही. ती नीट राबवली तर माणूस घडवते, नुसती नावाला असेल तर विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडते. म्हणून पद्धतीचे नाव पाहून निवड करता येत नाही. त्या महाविद्यालयात ती कशी चालते ते विचारावे लागते.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतला एक मुलगा परदेशी वैद्यकीय शिक्षणाला गेला. महाविद्यालयाचे आणि देशाचे नाव येथे सांगत नाही, त्याची गरज नाही. मुलगा तालुक्याच्या गावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, अत्यंत कष्टाळू. घरात त्याच्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. वडिलांनी घर गहाण ठेवून कर्ज काढले. आमच्या समितीने त्याला मदत केली. आम्ही शुल्काची चौकशी केली, पदवीला मान्यता आहे का ते पाहिले, वसतिगृह, जेवण, थंडी, विमानाचे तिकीट, सर्व काही विचारले. फक्त एक गोष्ट विचारली नाही : वर्गात बसून मुलाने करायचे काय असते?

तो त्या टेबलाभोवती बसला आणि गप्प राहिला. त्याच्या वह्या गटात सर्वांत उत्तम होत्या. लेखी चाचणीत त्याला चांगले गुण होते. पण तो बोलत नसे. थोडा अडथळा इंग्रजीचा होता, पण खरे कारण वेगळेच होते. आपल्या शाळांतून मुलाला एक सवय लागते : उत्तर पक्के ठाऊक असेल तरच हात वर करायचा. चुकले तर हसू होते. मोठ्यांपुढे नुसती शंका काढणे हा उद्धटपणा ठरतो. आणि ज्या सात पायऱ्या आम्ही सांगितल्या त्यांतली तिसरी पायरी नेमकी उलट मागणी करते. ठाऊक नसताना बोला, अंदाज करा, चुका, असे ती म्हणते. त्या मुलासाठी ही पायरी डोंगराएवढी होती.

पहिल्या तीन महिन्यांत त्याला कोणीही बोलावून काही सांगितले नाही. सहामाही अहवालात एकदम शेरा आला की, गटातील सहभाग असमाधानकारक. पुढे वर्षअखेरीस त्याला पहिले वर्ष पुन्हा करावे लागले. एका मध्यरात्री त्याने घरी फोन केला आणि म्हणाला, "बाबा, मला सगळं येतं, पण मी नापास झालोय." वडील दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते बसून राहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्याला सल्ला दिला की, तू फळ्यावर लिहिण्याचे काम माग. लिहिणाऱ्याला गप्प राहता येत नाही. "तू म्हणालास ते असे लिहू का? याचा बाण इकडे काढायचा ना?" असे त्याला दर मिनिटाला विचारावेच लागते. त्या विचारण्यातून त्याचे तोंड उघडले. दुसऱ्या वर्षी तो गटाचा अध्यक्ष झाला. आज तो डॉक्टर आहे आणि चांगले काम करतो. पण एक वर्ष गेले, त्या वर्षाचे शुल्क गेले आणि घरावरचे कर्ज आणखी लांबले. त्यात त्या महाविद्यालयाचा दोष होताच, पण न विचारण्याचा दोष आमचा होता.

म्हणून इंग्लंडमधल्या त्या मुलीसाठी आम्ही प्रश्नांची यादी केली. तीच यादी आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : एका नेहमीच्या आठवड्याचे वेळापत्रक दाखवा. गटचर्चेचे तास किती, व्याख्याने किती, स्वतःच्या अभ्यासाला मोकळा वेळ किती? शरीररचना कशी शिकवतात, विद्यार्थी स्वतः शवविच्छेदन करतात की आधी विच्छेदन केलेले अवयव पाहतात? वेळापत्रक खोटे बोलत नाही.

दुसरा प्रश्न : गटात विद्यार्थी किती आणि ट्यूटर कोण? ट्यूटर विषयतज्ज्ञ असावा की नसावा यावर जाणकारांत बरीच वर्षे वाद चालू आहे, त्यात आपण पडू नये. पण त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले जाते का आणि एक ट्यूटर गटाबरोबर किती आठवडे राहतो, हे विचारावे. गप्प मुलाला ओळखायलाही काही आठवडे लागतात.

तिसरा प्रश्न : काय शिकायचे ते विद्यार्थी ठरवतात, हे ठीक. पण एखादी महत्त्वाची गोष्ट गटाकडून सुटली तर ती कळते कशी? काही ठिकाणी आठवड्याच्या शेवटी शिक्षकांची यादी दाखवतात आणि आपली यादी तिच्याशी ताडून पाहता येते. काही ठिकाणी ती दाखवत नाहीत. नवख्या विद्यार्थ्याला या एका गोष्टीने रात्रीची झोप लागते किंवा उडते.

चौथा प्रश्न : परीक्षा कशी असते? मास्ट्रिक्टने प्रगती चाचणी नावाचा एक प्रकार रूढ केला. पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका, वर्षातून चार वेळा. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यातले थोडेच येणार हे गृहीतच असते. दर वेळी आपला आलेख किती वर गेला ते पाहायचे. त्यामुळे आदल्या रात्री घोकून उपयोग होत नाही. अशी चाचणी आहे का, गटातील सहभागाला गुण आहेत का आणि असतील तर ते कोणत्या निकषावर देतात, हे लेखी मागावे. ब्रिटनपुरते आणखी एक सांगितले पाहिजे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तेथे पदवी घेणाऱ्या सर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक समान परवाना परीक्षा लागू झाली आहे. शिकवण्याची पद्धत कोणतीही असो, शेवटी लेखी ज्ञानाची कसोटी सर्वांना सारखीच. ज्यांना वाटते की या पद्धतीत पाठांतर टळेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाचवा प्रश्न : खरा रुग्ण केव्हा भेटतो आणि रुग्णालये किती दूर आहेत? इंग्लंडमध्ये तेथील रहिवासी विद्यार्थ्यांना शुल्कात फारसा फरक पडत नाही, पण पहाटेची गाडी पकडून दूरच्या गावच्या रुग्णालयात जावे लागले तर खर्च आणि थकवा दोन्ही वाढतात.

सहावा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा : एखादा विद्यार्थी गटात बोलत नसेल किंवा मागे पडत असेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्यासाठी कोण काय करते? "आमचे दार सदैव उघडे असते" हे उत्तर पुरेसे नाही. जो मुलगा बोलत नाही तो दारही ठोठावत नाही.

ही यादी आम्ही त्या मुलीला पाठवली. तिने आमच्या डॉक्टर भगिनींना फोन केला आणि म्हणाली, "आत्या, हे सगळं मी कुणाला विचारू? प्राध्यापकांना विचारलं तर ते चांगलंच सांगतील." त्यांनी तिला सांगितले, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. पहिल्या वर्षाचा नवा असतो, शेवटच्या वर्षाचा विसरलेला असतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जखम आठवते आणि औषधही.

मुलगी दोन्ही ठिकाणी भेटीच्या दिवशी गेली. एका महाविद्यालयात इमारत भव्य होती आणि सहावा प्रश्न विचारल्यावर तिला छापील पत्रक मिळाले. दुसऱ्या ठिकाणी एका विद्यार्थिनीने तिला आपला स्वतःचा कागद दाखवला. चौथ्या आठवड्यात ट्यूटरने तिच्याबद्दल लिहिलेले टिपण होते : काय चांगले, काय कमी, पुढच्या आठवड्यात एक गोष्ट कोणती करून पाहायची. मुलीने ते दुसरे महाविद्यालय पक्के केले. त्याचे नाव पहिल्याएवढे मोठे नाही. आजोबांना प्रथम थोडे वाईट वाटले, नातेवाइकांत सांगायला मोठे नाव बरे असते. पण तो कागद पाहिल्यावर तेही म्हणाले, "मुलीला सांभाळतील असं दिसतंय."

आता येथे बसलेले पालक म्हणतील, आमच्या मुलांना हे पर्याय कोठे आहेत? ते खरे आहे. महाराष्ट्रात प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि पसंतीक्रम सीईटी सेलकडे भरावा लागतो. शिकवण्याच्या पद्धतीवरून महाविद्यालय निवडण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नाही. परदेशी जाण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांना मात्र एक इशारा दिला पाहिजे. परत येऊन भारतात डॉक्टरी करायची असेल तर नीटमध्ये पात्र ठरणे आवश्यक आहे. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि इंग्रजी माध्यम असावे लागते, ती पदवी त्या देशात व्यवसाय करण्याजोगी असावी लागते, आणि परतल्यावर येथील परीक्षा व पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. या कसोटीला आजची मोठी नावे लावून पाहा. मॅकमास्टरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याआधी विद्यापीठात शिकलेले असावे लागते. मास्ट्रिक्टमध्ये वैद्यकाचे शिक्षण डच भाषेत होते. दोन्ही ठिकाणचे शिक्षण नावाजलेले आहे, पण परत येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला नियमांचे गणित जमत नाही. नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी चालू नियम स्वतः वाचावा, एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

तरीही हा विषय येथील विद्यार्थ्यांच्या कामाचा आहे. २०१९ साली एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम देशभर लागू झाला. त्यात स्वयं-अध्ययनाचे तास आहेत, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख आहे, लहान गटांत शिकणे आहे. म्हणजे ते टेबल थोड्याफार प्रमाणात आपल्याही महाविद्यालयांत आलेले आहे. त्याच्याभोवती बसल्यावर आपल्या मुलामुलींनी गप्प राहू नये, ही आमची तळमळ आहे.

यासाठी एक सूचना करतो. संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सायंकाळी दोन तास एमबीबीएस, नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी आठ-आठ जणांचा गट करून बसावे. आमच्या डॉक्टर भगिनी रुग्णाची एक कथा लिहून देतील. एकाने फळ्यावर लिहावे, एकाने अध्यक्ष व्हावे. ही दोन्ही कामे दर आठवड्याला वेगळ्या विद्यार्थ्याकडे जावीत आणि जो सर्वांत गप्प असतो त्याच्याकडे खडू आधी जावा. सात दिवसांनी प्रत्येकाने काय शिकलो ते सांगावे. खर्च काही नाही, फळा आहे, खडू आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी मागे बसून ऐकले तरी चालेल. चुकलेल्याला कोणी हसणार नाही एवढा एकच नियम आम्ही घालू.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही या सूचनेबद्दल विचारले. ते म्हणाले, "हे तेव्हा असतं तर माझ्या पोराचं एक वर्ष वाचलं असतं." हे ऐकून आम्ही मान खाली घातली. पुढच्या रविवारी सायंकाळी पाच वाजता अभ्यासिका उघडी राहील. विद्यार्थ्यांनी यावे आणि पालकांनी त्यांना पाठवावे, ही नम्र विनंती.